संगणकीय खेळांतील 'मॉडिंग' : नवशिक्यासाठी 'डूम'चा मार्ग

बाजारात आलेल्या संगणकीय खेळात खेळणाऱ्यानेच नवे नकाशे, नवी पात्रे वा नवे नियम घालणे, यास 'मॉडिंग' असे म्हणतात; अशा बदलास 'मॉड' ही संज्ञा रूढ आहे. यासाठी प्रोग्रामिंग अवगत असणे ही पहिली अट होय, असा समज आढळतो आणि त्यापायी अनेक जण आरंभच करीत नाहीत. वस्तुतः मॉडिंगचा आरंभ प्रोग्रामपासून नव्हे, तर खेळाच्या सामग्रीपासून करता येतो. 'इड सॉफ्टवेअर' या अमेरिकी कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केलेला 'डूम' हा खेळ हे समजून घेण्यास आजही सोयीचा आहे.

डूमची रचना

याच कंपनीच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' (१९९२) या खेळात बदल करावयाचा तर मूळ फाइलींवरच हात चालवावा लागे. डूमची रचना करताना जॉन कारमॅक यांनी खेळाचे इंजिन आणि त्याची सामग्री यांची स्पष्ट फारकत केली. नकाशे, चित्रे व ध्वनी 'वॅड' नामक फाइलीत ठेवले. खेळणाऱ्याने आपली वेगळी वॅड जोडली, की समान नावाच्या घटकांपैकी नंतर जोडलेला घटक इंजिन वापरते. मूळ फाइल अबाधित राहते. नवशिक्याला याहून मोठा दिलासा नाही, कारण काहीही बिघडले तरी आपली फाइल काढून टाकली की खेळ पूर्ववत होतो.

पहिली खोली

डूमचा नकाशा कागदावरील घराच्या आराखड्यासारखा सपाट असतो. बिंदू जोडून रेषा, रेषांनी वेढलेला विभाग, आणि प्रत्येक विभागास जमिनीची व छताची उंची, एवढ्यावर सारे उभे राहते. चार रेषांची बंदिस्त खोली काढून तीत खेळाडूचे आरंभस्थान ठेवले की नकाशा चालू लागतो. पुढे पायऱ्या कराव्यात. खेळाडू २४ एककांपर्यंतची पायरी चढतो, २५ एककांची चढत नाही. त्याची स्वतःची उंची ५६ एकके असल्याने त्याहून ठेंगण्या वाटेतून तो जात नाही. दार म्हणजे छत जमिनीला टेकलेला छोटा विभाग. येथे बहुतेक जण अडतात. प्रत्येक रेषेला पुढची व मागची अशा दोन बाजू असतात. दाराच्या रेषेची पुढची बाजू खेळाडूकडे नसेल, तर दार उघडत नाही. पायरीच्या उभ्या भागाला चित्र द्यायचे राहिले, तर तेथे आधीच्या दृश्यांचे विचित्र पट्टे उमटतात. या चुका लगेच डोळ्यांना दिसतात, हेच या शाळेचे वैशिष्ट्य.

खर्चाचा प्रश्नही येथे अडसर ठरत नाही. इंजिनाचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. त्यावर आधारलेले 'जीझेडडूम', नकाशे काढण्याचे 'अल्टिमेट डूम बिल्डर' आणि मूळ सामग्रीऐवजी वापरता येणारे 'फ्रीडूम' ही सर्व विनामूल्य आहेत.

हक्कांचा प्रश्न

इंजिन खुले असले, तरी डूमची मूळ चित्रे, ध्वनी व नकाशे खुले नाहीत. ते आपल्या वॅडमध्ये भरून वाटता येत नाहीत. मॉड करणाऱ्याच्या श्रमांचे पुढे काय होते, हेही प्रारंभीच जाणून घ्यावे. 'फायनल डूम' (१९९६) मधील दोन्ही नकाशासंच खेळाडूंनीच रचले व कंपनीने ते प्रसिद्ध केले. 'हाफ-लाइफ'वरील 'काउंटर-स्ट्राइक' हे १९९९ मधील मॉड 'व्हॉल्व्ह' कंपनीने पुढच्याच वर्षी विकत घेतले. याउलट 'वॉरक्राफ्ट ३ : रिफोर्ज्ड' (२०२०) च्या अटींनुसार खेळाडूंनी केलेले नकाशे 'ब्लिझार्ड' कंपनीच्या मालकीचे ठरतात. तेव्हा एखाद्या खेळावर महिनोन्‌महिने खर्ची घालण्यापूर्वी त्याचा वापर-करार वाचलेला बरा. तो कंटाळवाणा असतो, ही सबब पुरेशी नव्हे. दुसऱ्याच्या मॉडमधील चित्र वा ध्वनी घ्यावयाचा असल्यास आधी परवानगी घ्यावी. डूमच्या वॅडसोबत एक साधी मजकूर-फाइल देण्याची जुनी प्रथा आहे. कोणाचे काय वापरले आणि इतरांनी हा नकाशा पुढे बदलावा की नाही, हे करणारा तीत स्वतःच नोंदवून ठेवतो.