हिंवाळ्यांतील सायकल-स्वारीचा पोषाख

मार्गशीर्ष लागला, कीं पहाटे पांचच्या सुमारास आमच्या घरांत एक वाद ठरलेला असे. पुतण्या सायकल काढून सिंहगडच्या वाटेस लागावयाचा आणि आमच्या वहिनी दारांत उभ्या राहून त्याच्या हातांत जाड स्वेटर, मफलर व कानटोपी कोंबावयाच्या. "अगं आई, एवढें ओझें घालून चढण चढवत नाहीं," असें तो म्हणे. आणि "न्युमोनिया झाला म्हणजे कळेल," हें वहिनींचें उत्तर. दोघांचेंही कांहीं अंशीं खरें होतें, हें आम्हांस गेल्या पौषांत कळलें.

त्या दिवशीं चिरंजीवांनीं आईचा शब्द राखला होता. आंत सुती गंजीफ्रॉक, त्यावर सुती सदरा, वर तो जाड स्वेटर. हातमोजे मात्र 'लागत नाहींत' म्हणून घरींच राहिले. डोणज्यापुढची चढण लागतांच अंगास घामाच्या धारा लागल्या. गडावर पोंचेपर्यंत गंजीफ्रॉक पिळून काढावा असा झाला. वर पिठलें-भाकरी झाली, घटकाभर वारा खाणें झालें आणि स्वारी उतरूं लागली. दोन-तीन वळणें होतात न होतात, तोंच अंगांत हुडहुडी भरली आणि बोटें इतकीं बधिर झालीं, कीं ब्रेक दाबूं म्हटलें तरी दाबला जाईना. सायकल दरडीच्या अंगास घासून आडवी झाली. गुडघा फुटला, कोपर सोलपटलें. ती बाजू दरीची असती, तर काय झालें असतें, हा विचार आम्हीं अजून वहिनींच्या देखत काढीत नाहीं. उरलेला घाट मुलगा सायकल हातांत धरून पायींच उतरला.

उबेसाठीं घातलेल्या कपड्यांनींच गारठविलें, हें वहिनींना प्रथम पटेना. परंतु कारण साधें आहे. चढतांना शरीर भट्टीसारखें तापतें. उतरतांना पाय थांबतात, भट्टी निवते, आणि वारा मात्र दुपटीतिपटीनें अंगावर येतो. त्यांतून भिजलेलें सूत लवकर वाळत नाहीं, अंगास चिकटतें. आणि पाणी तर हवेच्या वीसपटीहून अधिक वेगानें उष्णता ओढून नेतें. वाऱ्यानें थंडी किती वाढते, याचे प्रयोग सिपल व पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं १९४१ सालीं दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत केले. २००१ मध्यें अमेरिका व कॅनडा यांनीं स्वीकारलेल्या सुधारित सूत्राप्रमाणें पारा ८ अंशांवर असतां ताशीं २० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीस ती थंडी सुमारें ५ अंशांची जाणवते. पुण्यांत तर १९३५ च्या जानेवारींत पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे!

असाच प्रकार ५ जून १९८८ रोजीं इटलीच्या जिरो या प्रसिद्ध शर्यतींत घडला. जूनमध्यें हिमवर्षाव, याचें आपणांस नवल वाटेल. पण आल्प्समधील गाव्हिया खिंड सुमारें २,६०० मीटर उंचीवर आहे. फान डर व्हेल्डे हा डच स्वार आंखूड बाह्यांनिशीं सर्वांच्या आधीं माथ्यावर पोंचला. उतरणीवर तो असा गारठला, कीं थांबून ऊब घेणें भाग पडलें, आणि मुक्कामीं पोंचण्यास पाऊण तासाहून अधिक उशीर झाला. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन स्वाराच्या पथकानें मात्र सकाळींच जाड हातमोजे व टोप्या यांची तजवीज केली होती. त्या दिवसाची धांव दुसऱ्यानेंच जिंकली, पण एकंदर आघाडी हॅम्पस्टनकडे आली व ती शेवटपर्यंत टिकली.

आतां आमच्या घरची व्यवस्था सांगतों. अंगालगत सूत नाहीं. तलम लोंकरीचें किंवा पॉलिएस्टरचें बनियन. लोंकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश वाफ पोटांत घेऊनहि ओली लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. त्यावर पातळ स्वेटर. विंडचीटर गुंडाळून खिशांत. तो चढणीवर नव्हे, माथ्यावर अंगांत चढवावयाचा, आणि त्याआधीं बनियन बदलावयाचें. युरोपांतील जुने स्वार तर माथ्यावर वर्तमानपत्राची घडी छातीशीं सरकवून उतरत. (आमचें वर्तमानपत्र पहाटे आलेलें नसतें, म्हणून तें वाचलें.) फाटकाबाहेर पडतांना किंचित् थंडी वाजली पाहिजे; तेव्हांच ऊब वाटली, तर कपडे जास्त झाले असें समजावें. हातमोजे वारा अडविणारे, पण ब्रेक बोटांस कळेल इतपतच जाड. कानांस पातळ पट्टी. जाड कानटोपीवर शिरस्त्राण नीट बसत नाहीं. दोन पायमोजे घालून बूट आवळला, तर रक्त खेळत नाहीं व पाय अधिकच गार पडतात. मफलर मात्र घरींच ठेवावा. त्याचें टोंक चाकांत जाण्यास क्षणहि लागत नाहीं.

मफलर गेला, याचें वहिनींना वाईट वाटलें. पण यंदा त्यांनीं नवा स्वेटर स्वतःच विणावयास घेतला आहे. मुलाला सायकलीवर ओणवा बसवून माप घेतलें, तेव्हां पाठ पोटापेक्षां चार बोटें लांब भरली. बाह्या मनगटाच्या हाडापलीकडे, गळा उंच आणि कडा घट्ट. एक बाही अजून व्हावयाची आहे.