कोवळा जबडा आणि शस्त्रवैद्याचे शिक्षण

श्रोतेहो, पोरगं झाडावरून पडलं, हनुवटी फुटली, की दोन टाके घालून आपण त्याला घरी आणतो. आठवड्यात जखम भरते. गोष्ट विसरली जाते. पण हनुवटीवर बसलेला मार पुष्कळदा कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. तिथले हाड आत मोडते, बाहेरून काही दिसत नाही. मग सांध्यात नवे हाड धरू लागते आणि सांधा हळूहळू जखडतो. पुढे मुलाचे तोंड बोटभरही उघडत नाही. कुस्करलेली भाकरसुद्धा दातांच्या फटीतून सरकवावी लागते. जबड्याची वाढ खुंटते ती वेगळीच.

मोठ्या माणसाचा जबडा मोडला तर वरचे-खालचे दात तारेने बांधून तो काही आठवडे स्थिर ठेवता येतो. मुलाचा सांधा मोडला असता इतके दिवस बांधून ठेवणे म्हणजे जखडण्याला आमंत्रणच. त्याला थोडे दिवस विश्रांती आणि मग लवकर तोंड उघडण्याचा व्यायाम हवा. शिवाय दुधाच्या वीस दातांच्या मुळाशी कायमच्या दातांचे कोंब दडलेले असतात. पट्टीचा स्क्रू चुकला की कोंब गेला! कोवळ्या पऱ्हाटीत डवरा कसा जपून चालवावा लागतो, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मी काय सांगावे?

हे हात कुठे तयार होतात? दंतवैद्यकाच्या सुमारे पाच वर्षांच्या पदवीनंतर तीन वर्षांची एम.डी.एस. असते. आपल्या विदर्भात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ते शिक्षण मिळते. पण त्या तीन वर्षांत मुले हा एक भाग असतो, सगळा विषय नव्हे. उरलेली विद्या अनुभवी शस्त्रवैद्याच्या शेजारी उभे राहूनच येते. वजन मोजून औषध देणे, लहानग्या श्वासनलिकेसाठी भूलतज्ज्ञाशी जुळवून घेणे आणि घाबरलेल्या आईशी बोलणे, हे सारे त्यात आले. माझ्या मते हे शेवटचे सर्वांत कमी शिकवले जाते.

आणि ते फार लागते, बरं का! जगात सुमारे सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. ग्रहणात आईने विळीवर भाजी चिरली म्हणून हे झाले, असे अजून म्हणतात. त्यात तथ्य नाही. आईचा दोष मुळीच नाही. ओठासाठी शस्त्रवैद्यांचा जुना ठोकताळा दहाचा आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत शिवतात, म्हणजे बोली स्पष्ट फुटते. हिरडीच्या खाचेत हाड भरायचे ते आठ ते अकराच्या दरम्यान, सुळा येण्यापूर्वी. तेव्हा शस्त्रवैद्याने मुलाबरोबर वर्षानुवर्षे चालायला शिकले पाहिजे. १९९९ साली स्थापन झालेल्या स्माइल ट्रेन संस्थेने परदेशी डॉक्टर पाठवण्यापेक्षा स्थानिक डॉक्टर तयार करण्याचा मार्ग धरला. भारतातही तिच्या मदतीने अशा शस्त्रक्रिया मोफत होतात.

गुरुजींनो, २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, की नाकात बोलणारे मूल पुढे करा. हनुवटीवर जुना व्रण असलेल्याला त्याचीच तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगा. ती मावली नाहीत, तर त्याच दिवशी पथकाच्या डॉक्टरांना दाखवा.