लाटा आपटतात तो काठ

मृगाच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला की बिलोली, कंधार, लोह्याकडच्या तलावांवर मासेमारी मंदावते. वाऱ्यात मासा लागत नाही, हे त्याचं सर्रास दिलं जाणारं कारण. काठावर थांबणं शहाणपणाचंच आहे, पण हे कारण खरं नाही. वारा पाण्याचा वरचा थर ढकलत नेतो आणि त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव समोरच्या काठाशी गोळा होतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. वरच्या थरातल्या याच जिवांवर तो पोसतो. लाटांनी काठचा गाळ उकरला की तळाशी चरणाऱ्या मृगळालाही खाद्य मोकळं होतं, आणि बारीक मासळीच्या मागावर शिवडा येतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असतं. ढगाळ, कोंदट रात्रीनंतर त्यातला प्राणवायू इतका घटतो की पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. अशा पाण्याला वारा घुसळून हवा देतो. शिवाय गढूळ पाण्यात नायलॉनचा धागा माशाला दिसत नाही. मन्याड साधारण पूर्वेकडे वाहते, म्हणून बारूळ किंवा लिंबोटीच्या जलाशयात या दिवसांत लाट भिंतीच्या अंगाला जाते. मातीच्या धरणाला आतून दगडी पिचिंग असतं ते या लाटांच्याच माऱ्यासाठी. बाभळी बंधाऱ्याची गोष्ट वेगळी: सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे राहतात. तिथं तळं भरतं तेव्हा या वाऱ्याचा जोर सरलेला असतो.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या सँटी-कूपर धरणांमागे 1940 च्या दशकात समुद्राकडून नदीत चढणारा पट्टेदार बास अडकला आणि गोड्या पाण्यातच वाढू लागला. तिथले गळवाले आज मुद्दाम वारा झोडपत असलेला काठ शोधतात, कारण बासचं भक्ष्य असलेली बारीक मासळी तिकडे लोटली जाते. पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो माणसाच्या पायाखाली काय आहे, यात. त्यांच्याकडे इंजिनाची होडी असते. आपल्याकडे अनेक ठिकाणी थर्माकोलचे तुकडे पोत्यात बांधलेला तराफा किंवा ट्रकची फुगवलेली ट्यूब असते. तराफा हलका असतो, पाण्यावर उंच तरंगतो आणि त्याला तळाची धार नसते, त्यामुळे वारा नेईल तिकडे तो जातो. दोन्ही हात वल्हवण्यात गुंतल्यावर जाळं सोडायचं कोणी? होडीत दोघं असली तर एक जण होडी धरून ठेवतो आणि दुसरा काठापासून आत, वाऱ्याच्या रेषेत जाळं सोडत जातो. आडवं टाकलेलं जाळं फुगतं आणि गुंडाळतं. वाऱ्याच्या रेषेतलं जाळं ताणून राहतं आणि काठाकाठानं फिरणारा मासा त्याला येऊन धडकतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मासा अंड्यावर असतो, तेव्हा त्याला धरू नये. हे खरं आहे, म्हणून नव्या पाण्याचा लोंढा येताच जाळी काठावर घ्यावीत. चढणीचा मासा मारणं म्हणजे पुढच्या वर्षाची मासळी मारणं. पण त्याआधीच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांना हा आक्षेप लागू होत नाही. तलावातला कटला-रोहू बहुतेक सोडलेल्या बोटुकलीतून वाढलेला असतो, कारण साठलेल्या पाण्यात तो प्रजननच करत नाही. दुसरं म्हणणं असं की आधी बीज द्या, होडी नंतर बघू. बीज हवंच. पण ते वाढून मोठं झाल्यावर ज्या काठाशी जमतं तिथपर्यंत माणूस पोचू शकत नसेल, तर त्या बिजाचा लाभ अर्धाच. तिसरी गोष्ट मी पूर्ण मान्य करतो: लाटांना पांढरा फेस आला की चांगली होडीही काठालाच असावी. उत्तरेच्या थंड वाऱ्यातही कष्ट फुकट जातात, कारण गारठ्यात मासा सुस्तावतो.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूनंतर मच्छीमाराच्या घरच्यांना 5 लाख रुपयांचं विमासंरक्षण आहे. लाइफ जॅकेट याच्या अगदी किरकोळ अंशात येतं. जलाशयाचा ठेका घेणाऱ्या प्रत्येक सहकारी संस्थेनं बीजाच्या मागणीसोबत दोन माणसांच्या बिनइंजिनच्या होड्या आणि सभासदागणिक एक जॅकेट मागावं, आणि मत्स्यव्यवसाय विभागानं ते मृगाच्या आत द्यावं.