पिशवीच्या तोंडाचा कर्करोग : एका तपासणीने किती जीव वाचतात?

वर्सोव्याच्या आम्हा बायकांचा तुम्हा सगळ्या बचत गटांना नमस्कार.

घरातल्या बाईला कर्करोग झाला असं कळलं की माणसं डॉक्टरांना पहिला प्रश्न एकच विचारतात, "डॉक्टर, बरी होईल ना ती?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर मात्र आधीच ठरलेलं असतं. आजार कोणत्या टप्प्यावर सापडला, त्यावर ते ठरतं. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपण ज्याला पिशवीच्या तोंडाचा म्हणतो, तो कर्करोग तर याचं अगदी ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर आजार पिशवीच्या तोंडापुरताच असताना सापडलेल्या दहा बायकांपैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच आजार शरीरात लांबवर पसरल्यावर सापडला तर दहांपैकी जेमतेम दोघी. आजार तोच आणि औषधंही त्याच देशातली. फरक पडला तो वेळेचा.

म्हणून आज आम्ही सांगणार आहोत ही वेळ कशी पकडायची ते. हे सगळ्या जगाला कुणी दाखवून दिलं, तर आपल्याच मराठवाड्यातल्या खेड्यांमधल्या बायकांनी.

आधी आजार समजून घेऊ. हा कर्करोग होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. जर्मनीचे शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी हे शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. या सगळ्या काळात बाईला काही दुखत नाही, खुपत नाही. ती शेतात जाते, बाजार करते, आणि आपल्याला काही झालं असेल असं तिच्या मनातही येत नाही.

आमच्याकडे मासळी घेताना जाणती बाई मासा वरून बघून घेत नाही. कल्ले उचलते, आतला रंग बघते. या आजाराचंही तसंच आहे. बाहेरून काही दिसत नाही, आत पाहावं लागतं. आत पाहण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. दुसरी पॅप तपासणी. हिच्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिसरी एचपीव्ही तपासणी. हिच्यात ब्रशने घेतलेल्या नमुन्यात विषाणू आहे का ते प्रयोगशाळेत पाहतात.

यातली कोणती तपासणी खरोखर मरण टाळते? पंचवीस वर्षांपूर्वी याचं पक्कं उत्तर कुणापाशीच नव्हतं. ते शोधायला १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधल्या संस्थेचे डॉ. शंकरनारायणन ही त्यातली प्रमुख मंडळी. बार्शीकडे अनुभवही होता, कारण देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली होती.

त्यांनी गावांचे ५२ गट केले. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. कोणत्या गटाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडलं, म्हणजे कुणी मुद्दाम निवड केली असा संशय नको. एका भागाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला आम्ल लावून पाहणी. चौथ्या भागातल्या बायकांना आजाराची माहिती दिली आणि तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण अभ्यासाकडून तपासणी केली नाही. ज्यांच्या तपासणीत दोष सापडला त्यांची पुढची तपासणी आणि उपचार झाले. मग आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं.

निकाल २००९ साली छापून आला. तपासणी न झालेल्या भागात ३१,४८८ बायका होत्या, त्यातल्या ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात बायका जास्त होत्या, ३४,१२६, तरी मृत्यू झाले ३४. म्हणजे जवळजवळ निम्मे. आणि ही तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती. पुढच्या टप्प्याला गेलेला कर्करोग पहिल्या भागात ८२ जणींना होता, एचपीव्हीच्या भागात ३९ जणींना.

मग पॅप आणि आम्लाच्या पाहणीचं काय? त्या भागांत ५४ आणि ५६ मृत्यू झाले. आकडा थोडा कमी दिसतो, पण एखाद्या दिवशी जाळ्यात चार मासे कमी आले म्हणून दर्या आटला असं आपण म्हणत नाही. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. एकदाच केलेल्या या तपासण्यांनी जीव वाचतात असं त्यावरून म्हणता आलं नाही.

पण म्हणून आम्लाची पाहणी फुकट आहे असं समजू नका. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांचा असाच अभ्यास केला. तिथे वस्तीतल्याच दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा पाहणी केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एका पाहणीत सुटलेलं पुढच्या पाहणीत सापडलं. एचपीव्ही तपासणी वर्षांनुवर्षं पुरते, आम्लाची पाहणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

आता एक अवघड गोष्ट. चौथ्या भागातल्या त्या ६४ बायकांचं काय? त्यांना तपासणी मिळाली असती तर त्यातल्या काही आज असत्या, हे आकडेच सांगतात. अशा अभ्यासांवर पुढे देशात आणि परदेशात टीका झाली. तपासणीचा उपयोग माहीत असताना ती नाकारणं योग्य का, असं टीकाकारांनी विचारलं. त्या वेळी त्या खेड्यांत तपासणी मुळात कुणालाच मिळत नव्हती, आणि कोणती पद्धत चालते हे सिद्ध झाल्याशिवाय ती सरकारी कार्यक्रमात आली नसती, असं संशोधकांचं म्हणणं होतं. आम्हाला दोन्ही बाजू ऐकाव्याशा वाटतात. मात्र एक धडा पक्का आहे. कुणी तुम्हाला अभ्यासात घ्यायला आलं तर आधी विचारा, मला काय मिळणार आणि काय नाही मिळणार? कागद मराठीत मागा, वाचून घ्या. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. हा तुमचा हक्क आहे.

दुसरा धडा पिशवीबद्दलचा. धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात, हे प्रकरण २०१९ साली गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. "अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल," असं कुणी सांगितलं तर घाबरून होकार देऊ नका. आधी तपासणी मागा. तपासणीत विषाणू सापडला तरी तो कर्करोग नव्हे. धाराशिवमध्ये तपासलेल्या दहांपैकी साधारण एकीला विषाणू सापडला, त्यातल्या फार थोड्या जणींना कर्करोग होता. पेशी बिघडलेल्या असतील तर तेवढाच भाग गोठवून, शेक देऊन किंवा कापून काढता येतो. पिशवी शाबूत राहते.

मग करायचं काय? वयाची तिशी ओलांडली की तपासणी करा, काही त्रास नसला तरी. सरकारी कार्यक्रमात आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी आम्लाची पाहणी करायची असं ठरलेलं आहे. आशाताईंना त्याचा दिवस विचारा. एचपीव्ही तपासणी मिळत असेल तर ती करा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान पस्तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ती व्हावी. या तपासणीचा नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दुर्गंधी असलेलं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर मात्र शिबिराची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. आजार निघालाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात.

लेकींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२३ साली आली. नऊ ते चौदा हे तिचं उत्तम वय. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक वही काढा. तिशीच्या पुढच्या किती जणी आहेत आणि कुणाची तपासणी कधी झाली, ते लिहा. बहुतेकींच्या नावापुढे रेघच येईल, आमच्याकडेही बहुतेकींची रेघच आली. मग एक दिवस ठरवा आणि मिळून जा. एकटीला लाज वाटते, दहा जणी असल्या की वाटत नाही.

काळजी घ्या मैत्रिणींनो. पुढच्या भागात पुन्हा भेटू.