एका विळ्यासाठी भट्टी

मृग आठवड्यावर आला होता. रोहिणखेडच्या लोहारकाकांच्या छपरापुढे वखराच्या पासा, विळे, कुऱ्हाडी यांची रास पडली होती. गाव मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं. काळ्या रानात वखर चालायचा तर पास पाजवलेलीच हवी.

चामड्याचा भाता जाऊन विजेचा पंखा आलाय, बाकी सगळं जुनंच. काकांनी पासेची धार तेवढी निखाऱ्यात सारली. कडा केशरी झाली, अंग काळंच राहिलं. सांडशीनं पास ऐरणीवर आली, काकूंनी घण उचलला. घाव पडत गेले तसा रंग उतरला, की पास परत विस्तवात. मधल्या वेळात काका कडेच्या कोळशावर पाणी शिंपडत. आग मधेच राहते, कोळसा वाचतो. गिऱ्हाईक नसलं की पंखा बंद.

मी गॅसच्या भट्टीचं विचारलं. ते म्हणाले, "गॅसले थांब म्हणता येत नाही, भाऊ. कोळशाले येते."

मला वाटतं, सगळा हिशोब याच बोलण्यात आहे. मोठ्या गॅसभट्टीचं पोट आतून सिरॅमिकच्या लोकरीनं मढवलेलं असतं. ते आधी तापवावं लागतं, मग लोखंड. आत एक विळा असो की दहा पाटे, बर्नर तेवढाच गॅस ओढतो. तासाला दोन किलो जाळणारी भट्टी 19 किलोची व्यापारी टाकी साडेनऊ तासांत संपवते. घरगुती 14.2 किलोची टाकी धंद्याला वापरायला बंदी आहे. शिवाय गॅस जोरात ओढला की टाकी गार पडते, अंगावर दव धरतं आणि ऐन कामात दाब उतरतो.

तरी गॅसला कमी लेखू नये. धूर नाही, राखेचा गोळा नाही, ताव सगळीकडे सारखा. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे कापून दिवसभर कुऱ्हाडीच घडवायच्या असतील, तर भट्टी भरलेली राहते आणि तिथे गॅस परवडतो. बैलगाडीची धाव मात्र तिच्या तोंडात मावतच नाही. ती उघड्यावर गोवऱ्यांचं कडं रचूनच तापवावी लागते.

2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार आहेत, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण अवजार एकदा घ्यायचं, इंधन रोज. चार-पाच गावांच्या लोहारांनी मृगाच्या तोंडावर एक गॅसभट्टी सामायिक चालवली, तर कदाचित जमेल. मी तसं म्हणालो. काका विचारात पडले. "पण रोजच्याले काय?"

तेवढ्यात एक म्हातारी बाई पदराआड धरलेला एकच विळा घेऊन आली. काकांनी राख बाजूला सारली. खाली विस्तव जिवंत होता. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.