सुट्टीत नेम, आजारात सब्र

मराठवाड्यात धावणे म्हणजे बहुतेक घरांत अजूनही भरतीची तयारी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून पहाटे रस्त्यावर मुले दिसतात. पण आता भरतीशी काही संबंध नसलेली माणसेही धावू लागली आहेत. त्यांतली काही डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटांकडे वळली आहेत. या प्रकाराला ट्रेल रनिंग म्हणतात. पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटांवर डिसेंबरात अशी मोठी स्पर्धा भरते.

आपला परभणी जिल्हा सपाट आणि काळ्या मातीचा, असे म्हटले जाते. ते निम्मेच खरे आहे. उत्तरेला जिंतूर तालुक्यात नेमगिरीच्या टेकड्या आहेत, येलदरी धरणाच्या परिसरात चढउतार आहेत. दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूने बालाघाटाची रांग लागते. ज्यांना तिकडे रोज जाणे जमत नाही त्यांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याकडेची कच्ची वाट किंवा शेतातला पाणंद रस्ता पुरतो. फक्त पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की पाऊल उचलणे जड होते. तेव्हा मुरमाड टेकडीच बरी.

डिसेंबरात डोंगरात धावायचे तर तयारी जून-जुलैपासून करावी लागते. या पाच-सहा महिन्यांत काय काय येते ते पाहा. लग्नकार्ये, पाहुणे, दिवाळीची सुट्टी. पावसाळा सरता सरता घरोघर डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉईड. पुढे रमजान, ईद आणि उन्हाळ्याची सुट्टी. सराव मोडतो तो बहुधा सुट्टीने किंवा आजाराने.

शाळेत मुलांकडे पाहून आणि घरोघरच्या मोठ्या माणसांकडे पाहून मला एक गोष्ट जाणवते. आपण या दोन्ही वेळी नेमके उलटे वागतो. सुट्टी लागली की सगळे सोडून देतो, जिथे थोडे तरी चालू ठेवता आले असते. आणि तापातून उठलो की चौथ्या दिवशी मैदान गाठतो, जिथे थांबायला हवे होते.

थोडे केले तरी टिकते

धावण्याचा दम म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद. सराव पूर्ण थांबवला तर ती किती लवकर जाते, हे मोजून पाहिले गेले आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चांगला सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम सोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत ही ताकद सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी उतरली.

पण पूर्ण न थांबता कमी केले तर? शिकागो येथील रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात हाच प्रश्न तपासला. त्यांनी काही तरुणांकडून आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे असा दहा आठवडे कसून व्यायाम करून घेतला. मग काहींचे दिवस सहावरून चार आणि काहींचे दोन केले, पण व्यायामाचा जोर तोच ठेवला. पंधरा आठवड्यांनंतरही दोन दिवसवाल्यांची ताकद जवळपास तशीच होती. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून मिनिटे ४० वरून १३ पर्यंत कमी केली. तेव्हाही ती ताकद टिकली, मात्र खूप वेळ चालणाऱ्या श्रमाची तयारी काहीशी घटली. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटे तीच ठेवून फक्त जोर कमी केला. तेव्हा मात्र ताकद घसरली.

सुट्टीचा नियम यातूनच मिळतो. दिवस कमी करा, मिनिटे कमी करा, पण जेवढे कराल तेवढे मनापासून करा.

मामाच्या गावी गेलात तर आठवड्यातले दोन दिवस ठरवून टाका. पहिल्या दिवशी दहा मिनिटे हळू धावून अंग मोकळे करा. मग जवळच्या चढावर, कालव्याच्या भरावावर किंवा घराच्या जिन्यावर एकेक मिनिटाच्या सहा-आठ जोरदार चढाया करा आणि उतरताना चालत या. हे अर्ध्या तासात होते. दुसऱ्या दिवशी तासभर किंवा त्याहून थोडे जास्त, बोलता येईल इतक्या संथ गतीने धावा. डोंगराला लागणारा लांबचा दम याच दिवशी राखला जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा फजरच्या नमाजनंतर लगेच निघावे आणि ऊन चढण्याआधी घरात यावे. बूट पिशवीत सर्वांत आधी भरा. बूट घरी राहिले की नेमही घरीच राहतो.

इथे घरातल्या मोठ्यांना एक विनंती. सुट्टी लागते ती मुलांना आणि नोकरदारांना. घरातल्या बाईला तेव्हाच जास्त काम पडते. ईदला शीरखुर्मा, बिर्याणी, येणारे-जाणारे, सासर-माहेर. वर्षभर पहाटे चालणारी किंवा धावणारी सून सणाच्या पंधरवड्यात थांबते आणि पुढे सुरूच करत नाही. तिला आठवड्यातून दोनदा अर्धा तास मोकळा करून द्यायला फार काही लागत नाही. तेवढा वेळ चहा कोणी दुसऱ्याने करावा, लहानग्याला कोणी दुसऱ्याने सांभाळावे. तिच्यासोबत नणंद, दीर किंवा नवरा टेकडीवर गेला तर आणखी उत्तम.

रमजानमध्ये

रमजान म्हणजे सुट्टी नव्हे आणि आजारही नव्हे. या महिन्यात नवे काही मिळवायचे नाही, फक्त आहे ते राखायचे. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास हलक्या धावण्याला बरा, कारण घरी पोहोचताच पाणी मिळते. चढावरचा जोरदार सराव करायचाच असेल तर तो इफ्तारनंतर दोन तासांनी किंवा तरावीहनंतर करावा आणि तोही आठवड्यातून दोनदाच. लांबचे धावणे महिनाभर बाजूला ठेवावे. इफ्तार ते सेहरी या वेळात पाणी थोडे थोडे आणि पुरेसे प्यावे. तळलेले कमी खाऊन खजूर, फळे, दही, डाळ वाढवावी. झोप तुटत असेल तर धावणे कमी करा, झोप नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

रोजा ठेवण्याच्या बाबतीतही आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, आणि राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. फर्ज असलेल्या इबादतीत जर आजाऱ्याला मुभा असेल, तर धावण्याच्या सरावात स्वतःवर जबरदस्ती कशासाठी?

आजारात मात्र थांबा

१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्यात आले. ते सगळे विशीतले होते. एकवीस दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा ते पन्नाशीत होते. वयाच्या तीस वर्षांनी त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केले होते. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. तेव्हा पन्नाशीतही त्यांची ताकद १९६६ च्या, म्हणजे पलंगावर पडण्याआधीच्या पातळीला परत आली.

यात दोन गोष्टी आहेत. आजारपणानंतर जिना चढताना धाप लागते, तो आळस नसतो. शरीर खरोखरच खाली गेलेले असते, म्हणून त्याला टोमणे मारू नका. आणि गेलेले परत येते, पन्नाशीतही येते, पण ते महिन्यांच्या हिशेबाने येते.

साधी सर्दी असेल, फक्त नाक वाहत असेल, तर हलके चालणे चालते. ताप, अंगदुखी, छातीत कफ, जुलाब यांपैकी काहीही असेल तर धावणे पूर्ण बंद. तापात जोर केल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. डेंग्यूत ताप उतरल्यावर लोक निर्धास्त होतात, पण ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असू शकतात. त्या आजारात अंगदुखीसाठी डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. चिकुनगुनियात सांधे आठवडे, कधी महिने दुखतात, अशा सांध्यांनी उतारावर धावणे योग्य नाही. टायफॉईडमध्ये आतड्यांना जखमा होतात, तेव्हा औषधाचा कोर्स पूर्ण करून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरुवात करावी.

परतण्याची पायरी साधारण अशी ठेवावी. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटे नुसते चालणे. दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. तिसऱ्यात सपाटीवर सलग पण संथ. चौथ्यात टेकडीचा चढ, तोही चालत. उतारावरचे धावणे सर्वांत शेवटी, कारण उतरताना मांड्यांवर आणि गुडघ्यांवर चढणीपेक्षा जास्त मार बसतो. मोठ्या आजारानंतर प्रत्येक पायरीला दोन आठवडेही लागू शकतात. रोज सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी विश्रांती. छातीत दुखणे, चक्कर, धडधड जाणवली तर थेट डॉक्टरांकडे.

आमच्या शाळेतील एका मुलीला क्रॉसकंट्रीच्या तयारीत असतानाच ऑक्टोबरात डेंग्यू झाला. मैत्रिणी तिला स्पर्धेला चल म्हणून गळ घालत होत्या. तिच्या अम्मीने स्पष्ट सांगितले, "स्पर्धा दरसाल येते, लेक एकच आहे." महिनाभर ती मुलगी फक्त चालत होती. जानेवारीत ती पुन्हा धावू लागली आणि आजही धावते. त्या माउलीने कुठलेही संशोधन वाचलेले नव्हते.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आज सर्वांना माहीत आहे. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत तो चालत-धावत जायचा. सैन्यात गेल्यावर क्रॉसकंट्रीपासून त्याची खरी सुरुवात झाली. २०१८ मध्ये दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच सप्टेंबरात त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. एक स्पर्धा हुकली म्हणून धावपटू संपत नाही, हे मराठवाड्याच्या मुलांना यापेक्षा जवळच्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

तेव्हा घरातल्या धावणाऱ्या मुलाला, मुलीला, सुनेला किंवा पन्नाशीच्या अब्बांना सुट्टीत विचारा, "या आठवड्यातले तुमचे दोन दिवस कोणते?" आणि तापातून उठल्यावर सांगा, "टेकडी कुठे जात नाही, आधी अंगात ताकद येऊ द्या."