ओव्हन स्वच्छ करायचा तर वेळ द्या

चाकणच्या मोटार कारखान्यांत रंग चढवण्याआधी गाडीच्या सांगाड्याचं डिग्रीसिंग होतं. पत्र्यावरचं तेल आम्लारीच्या कोमट द्रावणात निघतं, मगच फॉस्फेटचा थर आणि रंग बसतो. घरातल्या ओव्हनमध्ये साठलेला तेलकट राप काढतानाही हेच रसायनशास्त्र लागतं. 1959 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी सफाईचे चार घटक मांडले: रसायन, तापमान, घासणं आणि वेळ. एक कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. या चारांत घरासाठी सर्वांत सुरक्षित घटक वेळ आहे, आणि नेमका तोच वाचवण्यासाठी आपण कडक रसायनाकडे धावतो.

कारखान्यात कडक आम्लारी चालते, मग घरी का नको, असं कोणी विचारेल. कारखान्यात द्रावणाची तीव्रता आणि तापमान सतत मोजलं जातं, हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारे पंखे असतात, सांडपाण्यावर प्रक्रिया होते. शिवाय ॲल्युमिनियमच्या भागांसाठी तिथेही सौम्य द्रावण वापरतात, कारण कॉस्टिक सोड्यासारखी कडक आम्लारी ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन सोडते. घरातल्या ओटीजी ओव्हनचे ट्रे आणि आतला पत्रा यांत अनेकदा ॲल्युमिनियम असतंच. त्याचा संरक्षक थर साधारण पीएच 4 ते 8.5 या पट्ट्यात टिकतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच सुमारे 8.3, म्हणजे या मर्यादेतच. धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास, म्हणून तो इथे नको.

खाण्याचा सोडा एवढा सौम्य असेल तर जळका थर निघेल का, ही शंका रास्त आहे. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांना जोडले जाऊन वार्निशसारखं कवच बनतं. ते पाच मिनिटांत सुटत नाही. म्हणून ओव्हन गार करावा, प्लग काढावा, सोडा आणि पाण्याचा लगदा भिंतींना लावून रात्रभर ठेवावा. हीटिंग रॉडना मात्र तो लागू देऊ नये. सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. हट्टी डागाला दुसरी रात्र द्यावी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. भरपूर पाण्यानं खळखळून धुण्यापेक्षा दोन-तीनदा पुसणं इथे सोयीचं, आणि विजेच्या उपकरणाला तेच योग्य.

सोड्यावर व्हिनेगर ओतल्यावर येणारा फेस पाहून सफाई जोरात चालली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. ब्लीचमध्ये आम्ल मिसळणं तर घातकच, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. त्यापेक्षा भाजणं संपल्यावर प्लग काढून, ओव्हन कोमट असतानाच ताजं तेल पुसून टाकावं. कवच धरण्याआधी निघालेल्या तेलाला कुठलंच कडक रसायन लागत नाही.